दिग्रसच्या पोरीची पुसट रेघ

आमच्या ले-आउटमध्ये बातमी घंटागाडीच्या आधी निघते आणि गाडी वळणावर पोचायच्या आत सगळी फाटकं फिरून येते. मे महिन्यातली ती बातमी मात्र कचऱ्यातूनच आली. कोणाच्या तरी घरची पिशवी कुत्र्यांनी फाडली आणि तिच्यातली एक पांढरी प्लास्टिकची पट्टी समोरच्या फाटकापाशी जाऊन पडली. त्या घरात फेब्रुवारीत लग्न होऊन आलेली सून. पट्टीवर दोन रेघा, एक ठसठशीत, एक पुसट. झालं!

कोपऱ्यावरच्या वहिनींनी चपलेच्या टोकानं ती पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि तिथंच निकाल दिला, "दोन हायेत व माय, दोन!" संध्याकाळी नळ आला. यवतमाळात मे महिन्यात नळ आला की सगळं गाव अंगणात असतं. पाणी भरता भरता सुनेच्या सासूला तीन घरांनी विचारून घेतलं, चौथ्यानं डिंक कोणत्या दुकानातला चांगला तेही सांगून टाकलं. सून म्हणाली, "असं काही नाही." त्यावर सगळ्यांचं एकमत झालं : लाजून रायली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे इन्व्हर्टर का बंद पडला इथपासून थायरॉइडची गोळी उपाशीपोटी का घ्यायची इथपर्यंत सगळं ले-आउट मला विचारतं. तरी या प्रकरणात मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते शेजारच्या काकूंनी, आणि तेही भलत्याच वाटेनं.

काकूंच्या आणि माझ्या अंगणात तारेचं कुंपण आहे. मेंदी लावली होती, ती उन्हानं अर्धी वाळली, म्हणून बोलायला ऐसपैस फटी आहेत. काकूंचं वय 47. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी नागपूरला शिकायला. माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठ्या, पण त्या सगळ्यांच्याच काकू. त्या दिवशी पहाटेच गव्हाचा चीक शिजवून त्या खाटेवर प्लास्टिक अंथरून कुरोड्या पाडत होत्या. सोऱ्या दाबता दाबता, मान वर न करता म्हणाल्या,

"मॅडम, एक विचारू का? माह्यासाठी नाही बरं."

"विचारा की."

"दिग्रसची एक पोरगी हाये. माह्या मावसबहिणीच्या नणंदेची. पाळी चुकली म्हनून तिनं ते पट्टी आनली. एक रेघ चांगली लाल, अन् दुसरी हाये का नाही तेच समजून नाही रायलं. मंग दिवस हायेत का नाहीत?"

"पट्टी कधी पाहिली तिनं? किती वेळानं?"

"आता वेळ कोन पाह्यते मॅडम? पाह्यली असन पाह्यली तवा."

मी म्हटलं, काकू, सगळी मेख तिथंच आहे. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि तिथून लघवीत उतरतं. बीज फुटल्यापासून रुजेपर्यंत साधारण 6 ते 12 दिवस जातात. त्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. पट्टीवर टी अक्षरापाशी या संप्रेरकाला धरून ठेवणारा पदार्थ एका रेषेत लावलेला असतो. लघवी पट्टीतून सरकताना रंगाचे बारीक कण सोबत नेते. संप्रेरक असेल तर ते कण टी-पाशी अडकतात आणि रंगीत रेघ उमटते. सी अक्षरापाशी जी रेघ येते ती फक्त एवढंच सांगते, की पट्टी नीट चालली. सी-ची रेघच आली नाही तर टी-पाशी काहीही दिसो, ती पट्टी बाद.

"अन् पुसट असन तर?"

"दिलेल्या वेळेत, म्हणजे साधारण 5 मिनिटांत, रंगाची रेघ आली असेल, तर पुसट असली तरी ती बहुतेक होच. थोडे दिवस राहिलेत असा तिचा अर्थ नाही. दिवस असतात किंवा नसतात, फक्त संप्रेरक अजून कमी आहे. पण पट्टी तशीच ठेवून तासाभरानं किंवा दुसऱ्या दिवशी पाहिली आणि तेव्हा रेघ दिसली, तर ती धरायची नाही. लघवी वाळली की टी-ची जागा करडी, बिनरंगाची दिसू लागते. आपल्या बोअरचं पाणी हंड्यात आटलं की पांढरी रेघ राहते ना, तसंच."

काकूंचा सोऱ्या थांबला. "दुसऱ्या दिवशी पाह्यली तं नाही धराची?"

"नाही."

"मंग मी तिले सांगून देतो. फोन करतो दारव्ह्याले."

"दिग्रसला ना?"

"हाव, दिग्रसची. पन आता दारव्ह्याले आली हाये, मामाकडं."

पोरगी एका वाक्यात चांगलं तालुकाभर अंतर चालून आली होती. मी काही बोलले नाही.

दोन घरं सोडून आमच्या भागातली आशाताई राहते. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत वह्या, लोहाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं आणि निश्चय किट. हे किट सरकारकडून आशांमार्फत मिळतं. ग्रामीण आरोग्य अभियानात ते गावोगाव पोचलं, त्याला आता पंधराहून जास्त वर्षं झाली. झरी-जामणी किंवा मारेगावकडच्या पोडावर राहणाऱ्या कोलाम बाईला औषधाच्या दुकानापर्यंत जायला अर्धा दिवस मोडावा लागतो, तिथं या पाकिटाची किंमत कळते. शहरात तीच पट्टी पन्नास-साठ रुपयांना मिळते, पण दुकानदाराच्या नजरेला तोंड द्यावं लागतं ते वेगळंच.

आशाताई फाटकाशी दिसली तशी काकूंनीच तिला हाक मारली. "ये व इकडं. लाडखेडची एक पोरगी हाये..."

मी मनातल्या मनात नकाशा काढला. दारव्ह्याहून यवतमाळकडे येताना लाडखेड लागतं. पोरगी बसमध्ये बसलेली दिसत होती.

आशाताईनं पिशवी कुंपणाच्या खांबाला अडकवली आणि बोटं मोजायला घेतली. "पयली गोष्ट, सकाळी उठल्यावरची पयली लघवी घ्याची. रातभर साचलेली असते, तिच्यात दम असते. या उनात दिवसभर माठातलं पानी ढोसाचं अन् संध्याकाळी टेस्ट कराची, मंग पानीच तपासल्यावानी होते. दुसरं, पाकिटावरची तारीख पाह्याची. तिसरं, पाकीट टेस्टच्या वक्तीच फोडाचं. चौथं, ड्रॉपरनं दोन थेंब टाकाचे, पाकिटावर लिव्हले तेवढेच. अन् पट्टी सपाट जागेवर ठेवून 5 मिनिटं, मोबाइलात पाहून."

"उनाचं काय?" मी विचारलं, कारण ते मला कधी सुचलं नव्हतं.

"मॅडम, पाकिटावर लिव्हलं असते, 30 डिग्रीच्या खाली ठेवा. आपल्याकडं 44 चालू हाये. टिनाच्या खोलीत महिनाभर पडलेली पट्टी काय सांगनार? मी तं माठाच्या बाजूले, कोरड्या डब्यात ठेवते."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या वहिनी आल्याच. कुंपणाशी तिघी दिसल्या की चौथी येणार हा नियम. त्यांनी आपलं घोडं पुढं दामटलं. रेघ गडद असली की पोरगा, पुसट असली की पोरगी, असं त्यांच्या आत्यासासू सांगत. आशाताईचा चेहराच बदलला.

"वहिनी, रेघेत पोरगा-पोरगी नसते. गडद रेघ म्हंजे लघवी घट्ट, नाहीतर दिवस जास्त. दोन दिवसांच्या दोन पट्ट्या बाजूबाजूले ठेवून रंग जुळवून पाहाल, तं त्यातूनही काही समजत नाही. अन् गर्भ कोनता ते सोनोग्राफीत विचारलं तं गुन्हा हाये, 1994 चा कायदा हाये."

वहिनी जरा वरमल्या, पण हरल्या नाहीत. "मंग आमच्या वक्ती साखर टाकून पाहेत. गोळा झाला का दिवस."

"साखर, मीठ, टूथपेस्ट, मोबाइलात सगळं येते. त्यातलं एकबी खरं नाही. फेस बिन दिवसाच्या बाईच्याबी येते."

मग मलाही राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं, की शंभर वर्षांपूर्वी आजच्यासारखी पट्टी नव्हती. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमधल्या अ‍ॅशहाइम आणि झोंडेक या दोघांनी बाईची लघवी उंदरांच्या माद्यांना टोचायची पद्धत काढली. काही दिवसांनी उंदीर मारून त्यांचं अंडाशय पाहायचं. पुढं आफ्रिकेतले बेडूक आले. बेडकी टोचली आणि तिनं अंडी घातली, की बाईला दिवस. बेडकीला मरावं लागत नसे, एवढी प्रगती. घरच्या घरी करायच्या चाचणीचा पहिला नमुना 1967 साली अमेरिकेत मार्गारेट क्रेन नावाच्या बाईनं बनवला. ती ना डॉक्टर, ना शास्त्रज्ञ. औषध कंपनीत सौंदर्यप्रसाधनांचे डबे रेखाटायचं काम करायची. प्रयोगशाळेत रांगेनं टांगलेल्या परीक्षानळ्या पाहून तिला वाटलं, हे बायकांना घरी का करता येऊ नये? टेबलावरच्या पेपरक्लिपच्या डबीतून तिनं ती चाचणी जुळवली. साहेबांना ती रुचली नाही. बायका घाबरतील, डॉक्टरांचं गिऱ्हाईक तुटेल, असं त्यांना वाटलं. तिच्या नावानं पेटंट झालं, मोबदला एक डॉलर ठरला होता, तोही तिला मिळाला नाही. अमेरिकेत ती चाचणी दुकानात यायला 1977 उजाडलं. तेव्हा दोन तास थांबावं लागे, आणि नळी जरा हलली की सगळं पाण्यात.

"दोन तास!" वहिनी म्हणाल्या. "इथं पाच मिनिटंबी धीर धरवत नाही."

"पाच मिनिटं बाईले असते," आशाताई म्हणाली, "शेजाऱ्याईले तेवढीबी नसते." आणि समोरच्या फाटकाकडे पाहिलं.

तिथली गोष्ट तोवर बिघडली होती. पट्टी सापडल्याला आठवडाही झाला नसेल, सुनेला पाळी आली. सासूनं आधीच माहेरी कळवलेलं, बहिणींना सांगितलेलं. आता त्याच सासूच्या मनात भलतंच आलं, की सुनेनं काही केलं तर नाही? दुकानातून गोळ्या आणून? नवऱ्यानं विचारलं, जावेनं विचारलं. जिनं कधी पट्टीला हात लावला नाही, ती पोर न्हाणीघरात तोंडावर पाणी मारून रडत होती, आणि कुंपणापलीकडं आम्हाला ते ऐकू येत होतं.

आशाताईनं त्यावर सावकाश सांगितलं, आणि ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं होतं. पुसट रेघ खरोखर आलेली असते, आणि चार दिवसांनी पाळीही येते, असं पुष्कळ बायकांना होतं. गर्भ रुजतो आणि टिकत नाही. पूर्वी अशा वेळी पाळी उशिरा आली एवढंच म्हणून बाई मोकळी व्हायची. आता पट्टी लवकर सांगते म्हणून ते कळतं. त्यात बाईनं काही केलेलं नसतं. जड उचललं, पपई खाल्ली, गाडीवर बसली, असं काहीही कारण नसतं. बाळंतपण किंवा गर्भपात झाल्यावरही संप्रेरक काही आठवडे अंगात राहतं, तेव्हा पट्टी उगाच हो म्हणते. मूल राहण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलेल्या बाईचंही तसंच. आणि पाळी चुकली, पट्टीवर एकच रेघ, तरी पाळी येत नाही, तर आठवड्यानं पुन्हा पाहायचं. तेव्हाही तसंच असेल तर डॉक्टर. रक्ताच्या तपासणीत संप्रेरकाचा आकडा येतो, दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा केली की तो चढतोय का उतरतोय तेही समजतं.

"एक मात्र डोक्यात ठेवा," ती म्हणाली. "रेघ पुसट असो का ठसठशीत, पोटात एका बाजूले दुखत असन, अंगावर जात असन, घेरी येत असन, खांद्यात कळ मारत असन, तं दुसरी पट्टी आनाची नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात जाचं. गर्भ पिशवीत नसून नळीत असन तं नळी फुटते, अन् बाई तासाभरात हातची जाते. दुकानातून गोळ्या आनून तं बिलकूल खाच्या नाहीत, नळीतल्या गर्भाले त्या लागू पडत नाहीत. पोट पाडाचं असन तरी कायद्यानं दवाखान्यात पाडता येते. चोरून कायले?"

नळीतला गर्भ शंभरात एक-दोघींना असतो. आकडा लहान, पण पुसट रेघेचं हे कारण सर्वांत घातकी. मी आशाताईच्या बोलण्याला तेवढीच पुस्ती जोडली.

काकू या सगळ्या वेळात एक शब्द बोलल्या नव्हत्या. कुरोड्यांचं प्लास्टिक उन्हात सरकवत बसल्या होत्या. वहिनी गेल्या, आशाताई गेली. मग त्या कुंपणाशी आल्या.

"मॅडम, ते लोहाऱ्याची पोरगी..."

लोहारा म्हणजे दारव्हा रोडवरचं यवतमाळच. यापुढं पोरगी उतरायला एकच थांबा उरला होता.

"काकू," मी म्हटलं, "बस इथंच थांबवा ना."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "ते पट्टी माही होती."

मग सगळं बाहेर आलं. दोन महिने पाळी नाही. आधी तीन महिन्यांतून एकदा यायची, आली की आठ-दहा दिवस थांबायची नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात सगळे ओळखीचे, म्हणून भर उन्हात दत्त चौकात जाऊन, तोंडाला ओढणी बांधून पट्टी आणली. दुकानदारानं पेपरात गुंडाळून दिली. दिवसभर लग्नघरी पाणी-सरबत पिऊन झाल्यावर रात्री चाचणी केली. एकच रेघ. कचऱ्यात टाकली. पण झोप कसली लागते? सकाळी पिशवीतून काढून पुन्हा पाहिली, तर दुसरी रेघ! हातपाय गळाले. "पोराचं लगन पाहून रायलो मॅडम. सून आनाच्या वयात सासू बाळंतीन झाली, तं लोक काय म्हनतीन? ह्यांना सांगाले तोंड नाही. म्हनून दिग्रसची पोरगी काढली."

"आणि समोरच्या पोरीचं?"

"तेच तं. माही पट्टी, अन् रडून ते रायली."

त्या रात्री काकू समोरच्या घरी गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, कारण मी कानोसा घेतला तरी कूलरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सासू सुनेला घेऊन चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला गेली, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

काकूंची चाचणी मग नीट झाली. आशाताईनं कोरडं पाकीट दिलं, सकाळची पहिली लघवी, दोन थेंब, काकूंच्या मोबाइलमध्ये 5 मिनिटांचा गजर. रेघ एकच, स्वच्छ. तरी आम्ही त्यांना वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन गेलो. या वयात एका पट्टीवर भागवायचं नसतं. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नाही. सलग 12 महिने पाळी आली नाही, तर ती गेली असं धरतात. भारतात ते वय सरासरी 46-47 च्या आसपास आहे, आणि आधीची दोन-चार वर्षं अशीच हेलकाव्याची. उतारवयात डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीतूनही थोडं एचसीजी येतं आणि दिवस नसताना पट्टीवर पुसट रेघ दिसू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून रक्त तपासलं. गर्भ नव्हता. हिमोग्लोबिन मात्र 8 वर आलेलं होतं. एवढे महिने अंगावरून जात होतं, धाप लागत होती, आणि काकू ते उन्हावर ढकलत होत्या. आता लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, थायरॉइडची तपासणी झाली, पिशवीची सोनोग्राफी झाली. रेघेचा घोर लागला नसता, तर हे रक्त कोणी तपासलंच नसतं.

आणि काकूंचा काय थाट! ले-आउटमध्ये या विषयातला शेवटचा शब्द त्यांचा. कोणी "पुसट रेघ" एवढं म्हटलं, की पुढचा प्रश्न तयार, "किती मिनिटांनी पाह्यली?" "सकाळी का संध्याकाळी?" "पाकिटावर तारीख कोनती?" वहिनींनासुद्धा त्यांनी गडद रेघेवरून गप्प केलं. आशाताई म्हणते, माझं अर्धं काम कमी झालं, फक्त मानधन मलाच द्या.

परवा मागच्या ओळीतली एक पोर कुंपणाशी घुटमळत होती. मी कपडे वाळत घालत होते, कान अर्थातच तिकडं. ती म्हणाली, "काकू, पांढरकवड्याची माही एक मैत्रीन हाये..."

काकूंनी तिला हातानंच थांबवलं. "मैत्रीन पांढरकवड्याची असो का कोठचीबी, आशाताईकडून पट्टी घे, सकाळी पाह्य, पाच मिनिटांवर नजर ठेव. दुखत असन तं दवाखान्यात जा. पन ते कोन हाये, ते मले नको सांगू. मले सांगितलं तं मी मॅडमले सांगन."